हत्तरगीसाहेबांचं परिशिष्ट

हत्तरगीसाहेब सभेत एकच प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसायचे.

"तुमचं काय म्हणणं हाय?" एवढाच तो प्रश्न. त्यानंतर समोरचा माणूस तोंड उघडेपर्यंत साहेब ढिम्म हलत नसत. खात्यातल्या दुसऱ्या साहेबांना हे जमत नसे. ते प्रश्न विचारत, उत्तरही आपणच देत आणि चहा घेऊन जीपमध्ये बसत. हत्तरगीसाहेब जमिनीवर मांडी घालून बसत. कुणी खुर्ची पुढं केली तर म्हणत, "नगं. खुर्चीवर बसलं की कान वर जात्यात." आणि मग जी शांतता पडे ती आम्हा बरोबरच्या लोकांना सोसत नसे. एकदा तर आमच्या रेंजरनं त्या शांततेला घाबरून स्वतःच गावाची तक्रार सांगायला सुरुवात केली. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तू ह्या गावचा हाईस व्हय?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापूरच्या वनखात्यात आरेखक म्हणून लागलो. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. तेव्हा आमच्याकडं संगणक नव्हते. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं आणि चुकलं तर खरवडायला ब्लेड. मी शिरोळचा. कृष्णाकाठच्या उसाशिवाय दुसरं जंगल मी पाहिलेलं नव्हतं. पण माझं अक्षर चांगलं होतं, आणि तेवढ्यासाठी साहेबांनी मला दौऱ्यावर न्यायला सुरुवात केली.

गुरुपाद हत्तरगी हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे गडहिंग्लजकडचे, लिंगायत. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. अंगानं उंच, जरा पोक काढून चालणारे, बाराही महिने हातात छत्री. त्यांची लिहिण्याची एक पद्धत होती. सभेत माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत ते पेन्सिलीनं लिहून घेत. बोलणं संपलं की सगळं त्याला मोठ्यानं वाचून दाखवत. तो "व्हय, असंच म्हटलं मी" म्हणाला, की वही माझ्याकडं येई. मी त्या पेन्सिलीवरून शाई फिरवायची. वाचून दाखवल्याशिवाय शाई नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी माझ्यादेखत कधी मोडला नाही.

हा नियम कुठून आला ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो. चंदगडच्या बाजूला घाटमाथ्यावर हिरडेवाडी म्हणून धनगरांची वस्ती आहे. तिथं चराईबंदीवर बैठक झाली. धाकलू येडगे नावाचा धनगर पाऊण तास बोलला. कुठली झाडी राखीव ठेवावी, कुठं म्हसरं सोडू द्यावीत, उन्हाळ्यात पाणी कुठल्या ओहोळाला टिकतं, सगळं बोटानं दाखवून. रेंजरनं इतिवृत्तात एक ओळ लिहिली, "ग्रामस्थांनी सहकार्याचे आश्वासन दिले." साहेब सही करणार तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती ओळ धाकलूला वाचून दाखवली.

धाकलूनं घोंगडं झटकलं आणि म्हणाला, "चांगलं लिवलंय. पर ह्यात मी कुठं हाय?"

साहेबांनी तो कागद फाडला. धाकलूला पुन्हा खाली बसवलं आणि पाऊण तास पुन्हा ऐकलं. त्यानं सांगितलं तसा चराईचा पट्टा आखला गेला. तो नकाशा मी काढला, आणि हिरडेवाडीत पुढची बरीच वर्षं खात्याच्या माणसाला ताकाचा पेला मिळत असे.

साहेबांच्या या वह्या डेहराडूनच्या एका प्रशिक्षणात परदेशी पाहुण्यांच्या नजरेला पडल्या. वर्षभरानं साहेबांना बोलावणं आलं. पॅसिफिक महासागरात एक बेटांचा देश आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. नकाशात तो शाई सांडल्यासारखा दिसतो, आणि मी आरेखक असूनही मला तो शोधावा लागला होता. त्या देशाला स्वतःचं वनधोरण हवं होतं, आणि ते वरून न लादता गावोगाव लोकांना विचारून करायचं असं ठरलं होतं. गावांचे मुखिये, बायका, चर्चची मंडळी, लाकूडवाले, सगळ्यांचं म्हणणं घ्यायचं. ते घेणारा माणूस म्हणून हत्तरगीसाहेब निवडले गेले.

राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी मी अभिनंदन करायला गेलो, तेव्हा महादेवीकाकूंनी माझ्या हातात पेढा ठेवला आणि साहेबांच्या समोरच म्हणाल्या, "सुतार, तुझे साहेब जगाला विचारायला निघालेत. दोन वर्सं जायचं ठरवलं, मला कवा विचारलं? तिकीट आल्यावर कळलं मला."

साहेब पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. "माझ्या वक्ताला वही हरवती."

मी हसलो. तेव्हा ते मला विनोदानं म्हटल्यासारखं वाटलं होतं. काकूंचा चेहरा मी नीट पाहिला नव्हता.

पहिलं वर्ष साहेब तिथं एकटे होते. दुसऱ्या वर्षी नकाशांसाठी एक माणूस घेता येईल अशी सोय निघाली आणि त्यांनी माझं नाव दिलं. मी गेलो तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा काकूंनी दिलेलं ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी जास्त होती. साहेब मांस-मासे खात नसत आणि त्या देशात मासा आणि डुक्कर यांच्याशिवाय पाहुणचार होत नसे. साहेब चांगलेच वाळले होते. पण गावोगाव त्यांना ओळखत होते. मोझेस नावाचा तरुण मास्तर दुभाष्या म्हणून त्यांच्याबरोबर फिरत असे. त्यानं मला सांगितलं, की पहिल्या गावात साहेबांनी डुकराचं मांस नाकारलं तेव्हा मुखिया रागानं उठून उभा राहिला होता. साहेबांनी शर्टाचं वरचं बटण काढून गळ्यातलं लिंग दाखवलं आणि आपल्या घराण्यात काय खात नाहीत ते सांगितलं. मुखिया पुन्हा खाली बसला. त्यांच्यातही काही कुळं शार्क खात नव्हती. तेव्हापासून साहेबांच्या पुढ्यात उकडलेली कंदमुळं आणि केळी येऊ लागली.

तिथंही तेच. जमिनीवर मांडी, एक प्रश्न, आणि मग शांतता. फरक इतकाच, की त्या लोकांना शांततेची सवय होती. साहेब त्यांच्यात शोभून दिसत. समुद्राचा वारा, नारळाच्या झावळ्यांखाली बसलेली माणसं आणि मध्ये पांढऱ्या फुल शर्टातला हा गडहिंग्लजचा माणूस. मी त्यांना तितकं सुखी कोल्हापुरात कधी पाहिलं नाही.

एका बेटावर रूथ नावाची म्हातारी होती. तिच्या गावामागं डोंगर होता, डोंगराच्या धारेवर जुनी मोठी झाडी होती आणि धारेखाली गावाचा झरा. परदेशी लाकूड कंपनीचा डोळा नेमका त्या धारेवर होता. रूथ म्हणाली, "उतारावरचं काय तोडायचं ते बोलू. धारेवरचं नाही. ती झाडं गेली तर झरा जाईल."

साहेबांनी लिहून घेतलं. मग वाचून दाखवलं आणि मोझेसनं ते तिच्या भाषेत सांगितलं. "धारेवरची झाडे तोडू नयेत अशी आमची विनंती आहे."

रूथनं मान हलवली. मोझेसला काहीतरी जोरात म्हणाली. मोझेस संकोचून साहेबांना म्हणाला, "ती म्हणते, मी विनंती केलेली नाही. आम्ही तोडू देणार नाही, असं म्हणाले."

साहेबांचा चेहरा उजळला. खिशातलं खोडरबर काढून त्यांनी 'विनंती' पुसली आणि लिहिलं, "आम्ही तोडू देणार नाही." पुन्हा वाचून दाखवलं. रूथनं अंगठा उठवला. मी शाई फिरवली. निघताना तिनं मोझेसकरवी विचारलं, "हे मोठ्या पुस्तकात येईल ना?"

"येईल," साहेब म्हणाले. "शब्द न् शब्द येईल."

त्यांनी शब्द द्यायला नको होता, असं मला आता वाटतं. पण त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं, की येईल. न यायला काय झालं?

दोन वर्षांच्या शेवटी राजधानीच्या गावात, समुद्रकाठच्या हॉटेलात सांगता-परिषद भरली. सगळ्या गावांतून एकेक माणूस बोलावलेला. रूथही आली होती, होडीतून दोन दिवस प्रवास करून. सकाळी प्रत्येकाच्या पुढ्यात धोरणाचा मसुदा ठेवला गेला. छान गुळगुळीत कागद. साहेबांनी तो उघडला आणि वाचू लागले. मी त्यांच्या शेजारी होतो. चार-पाच पानांनंतर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तो मसुदा त्यांनी लिहिलेला नव्हता. कुणा दुसऱ्याच सल्लागारानं, कुठल्यातरी दुसऱ्याच देशात बसून तो लिहिला होता, आणि बहुधा साहेब पहिल्या गावात जमिनीवर बसले त्याच्याही आधी. त्यात धारेवरच्या झाडीला 'उत्पादनक्षम वन' म्हटलं होतं. दर दोन पानांआड एक वाक्य होतं, "व्यापक सल्लामसलतीनंतर असे ठरले की." लोकांची म्हणणी होती, नाही असं नाही. ती मागं परिशिष्टात टाकली होती. मुखपृष्ठावर प्रमुख लेखक म्हणून एकच नाव छापलं होतं, गुरुपाद हत्तरगी.

चहाच्या सुटीत तिथल्या वनखात्याचा सचिव साहेबांना व्हरांड्यात घेऊन गेला. सभ्य माणूस होता, हळू बोलणारा. म्हणाला, "तुम्ही सही करा. परिशिष्ट छापलं जाईल. सही नसली तरी आम्हाला धोरण मंजूर करावंच लागेल, पण मग तुमच्या वह्या त्यात घालायला कारण उरणार नाही." एवढं बोलून तो आत गेला.

साहेब कठड्याला टेकून उभे राहिले. समोर भर दुपारचं पाणी चकाकत होतं. मग ते माझ्याकडं वळले.

"सुतार, तुझं काय म्हणणं हाय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. आणि मग ते गप्प बसले. ती शांतता माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आली. मला घरची ओढ लागली होती. माझं तिकीट चार दिवसांनंतरचं होतं. सही नाही झाली तर काय काय लांबेल, याचा मी मनात हिशोब करत होतो.

"करा सही, साहेब," मी म्हणालो. "निदान परिशिष्ट तरी राहील."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "व्हय," म्हणाले. "निदान तेवढं तरी."

त्यांनी सही केली. टाळ्या झाल्या. रूथला भाषा कळत नव्हती, तीही टाळ्या वाजवत होती.

छापील धोरण टपालानं राजारामपुरीला आलं तेव्हा पावसाळा सरत आला होता. साहेबांनी मला बोलावून घेतलं. पार्सल त्यांनी माझ्यासमोर फोडलं. मुखपृष्ठावर रूथचा फोटो होता, हात उंचावून बोलतानाचा. साहेब हसले. मग त्यांनी पुस्तक मागून उघडलं. मागून पुढं आले, पुढून मागं गेले. परिशिष्ट नव्हतं. शेवटच्या पानांवर फक्त नावांची यादी होती, गाववार, आणि तिच्या डोक्यावर लिहिलं होतं, "या धोरणास संमती देणारे." रूथचं नाव होतं. मोझेसचंही होतं.

"सुतार, पानं गळाल्यात काय बघ. बाइंडिंगमदी," साहेब म्हणाले.

मी बघितलं. पानांचे आकडे सलग होते. तसं मी त्यांना सांगितलं.

काकू दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी लागट बोलतील. पण त्या आत गेल्या आणि दोघांसाठी ताटं वाढून आणली. साहेबांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

पुढं वर्षभरानं मोझेसचं पत्र आलं. धार तुटली होती. झऱ्याला पहिल्या पावसात माती आली आणि मग तो आटला. रूथ अजून होती. तिनं मोझेसला एवढंच विचारायला सांगितलं होतं, की तुम्ही मला वाचून दाखवलंत ते वेगळं होतं का? साहेबांनी उत्तर लिहायला घेतलं होतं. काकूंनी मला नंतर सांगितलं, महिनाभर टेबलावर कागद होता, 'प्रिय मोझेस' एवढं लिहिलेला. मग तो दिसेनासा झाला.

साहेब निवृत्त झाले. त्या काळात ते बदलत गेले, आणि बदलताना लोकांच्या चेष्टेचा विषय झाले. त्यांना सहीचं वावडं झालं. गल्लीत गतिरोधक हवा म्हणून अर्ज फिरत होता. त्यांनी सही केली नाही. म्हणाले, "मी महापालिकेत येऊन तोंडानं सांगतो." रजिस्टर पत्र आलं की पोस्टमनच्या कागदावर सहीखाली लिहायचे, "फक्त पाकीट मिळाले. आतील मजकूर मान्य नाही." पोस्टमन म्हणायचा, "अवो साहेब, ही बँकंची पावती न्हवं, पोस्टाची हाय की!" भाचीच्या लग्नात भेटवस्तूंच्या वहीत नाव लिहायला सांगितलं तर तिथून उठून गेले. राजारामपुरीच्या दुकानदारांत त्यांचं नाव 'नो-सही हत्तरगी' पडलं. मीही एकदोनदा हसलोय त्यावर.

आणि कुणाला 'तुमचं काय म्हणणं हाय' असं विचारणं त्यांनी पार सोडून दिलं.

दोन हजारनंतर चारपाच वर्षांनी हिरडेवाडीच्या माथ्यावर बॉक्साइटची खाण यायची ठरली. एक खाणकंपनी होती, बाहेरची. त्या क्षेत्राचा नकाशा करायचं काम आमच्या कार्यालयाकडं आलं आणि माझ्या टेबलावर पडलं. धाकलूनं सांगितलेला चराईचा पट्टा खाणीच्या हद्दीत बरोबर मध्ये येत होता. मी नकाशा काढला. नोकरी होती, मुलीचं शिक्षण चालू होतं. साहेबांना मी काही सांगितलं नाही.

जनसुनावणीची नोटीस लागली तेव्हा धाकलू राजारामपुरीत आला. आता म्हातारा झालेला, कानावर मफलर. मी योगायोगानं तिथंच होतो. तो पायरीवरच बसला. म्हणाला, "साहेब, सुनावणी लागली. आमास्नी बोलायला बोलीवलंय. काय करायचं?"

साहेब इतक्या वर्षांनी पुन्हा जमिनीवर बसले, त्याच्यासमोर. मला वाटलं आता प्रश्न येईल. आला नाही.

"बोला," साहेब म्हणाले. "पोटभर बोला. पर एक ध्यानात ठेवा. कागद फिरवत्याल, त्यावर सही करायची न्हाय. अंगठा न्हाय. कुणीबी न्हाय. तुमची सही घेत्यात आन् तिच्या डोक्यावर पायजे ते लिवत्यात. मी बघितलंय."

"हजेरीचा असला तर?"

"हजेरीचा असला तरीबी न्हाय."

धाकलू जरा घुटमळला. "तुमी म्हणतायसा तर न्हाय करत," म्हणाला.

मी खात्यात इतकी वर्षं काढली होती. हजेरी नसेल तर काय होतं ते मला कळत होतं. माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी बोललो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, की तुला या सुनावणीतलं इतकं कसं ठाऊक. मी चहा संपवला.

सुनावणी शाळेच्या मैदानावर, मांडव घालून झाली. मागच्या पडद्यावर माझा नकाशा टांगलेला होता. साहेब नकाशाजवळ गेले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मी लांब उभा होतो. ते परत येताना माझ्यापाशी थांबले.

"अक्षर चांगलं हाय तुझं," म्हणाले. "'हिरडेवाडी'तला ड तसाच काढतोस अजून."

बस्स, एवढंच. पुढं चालत गेले.

हिरडेवाडीची माणसं त्या दिवशी फार चांगलं बोलली. धाकलू बोलला, त्याची सून बोलली. मांडवात टाळ्या पडल्या. मग हजेरीचा कागद फिरला. वाडीतल्या एकेकानं हात जोडले आणि कागद पुढं ढकलला. साहेब शेवटच्या रांगेत ताठ बसून ते बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी समाधान होतं. त्याच कागदावर कंपनीनं दोन ट्रकांतून आणलेल्या परक्या माणसांनी मात्र भराभर सह्या केल्या.

इतिवृत्त आलं. "हिरडेवाडी येथील एकही रहिवासी उपस्थित नव्हता. उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले."

ते घेऊन धाकलू पुन्हा राजारामपुरीला आला. या वेळी पायरीवरही बसला नाही. फाटकाबाहेर उभं राहून बोलला. आवाज चढवला नाही, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"साहेब, मी सही करणार हुतो. माझ्या मनात हुतं. तुमी सांगिटलं म्हणून हात आखडला. पंचवीस घरं हाईत वाडीत. ती मला इचारत्यात, तुज्या साहेबाचं आमी काय वाईट केलतं, म्हणून त्यानं आसं सांगिटलं?"

धाकलूनं उत्तराची वाट पाहिली. मग मफलरच्या टोकानं तोंड पुसलं आणि स्टँडकडं निघून गेला.

त्यानंतर साहेब कितीतरी कार्यालयांच्या पायऱ्या चढले. ज्या माणसानं पोस्टमनलाही कधी सरळ सही दिली नव्हती, त्यानं पानंच्या पानं प्रतिज्ञापत्रं केली आणि प्रत्येकावर सही केली. त्यांत लिहिलं, सुनावणीला मी तिथं होतो, ती माणसं तिथं होती, मी सांगितलं म्हणून त्यांनी सही केली नाही, दोष माझा आहे. एका कार्यालयात मुदत संपली होती. दुसऱ्यात त्यांना सांगितलं, तुम्ही बाधित नाही, तुम्हाला अर्ज करता येत नाही. आमच्याच खात्यातला एक तरुण अधिकारी त्यांना म्हणाला, "साहेब, तुम्ही तर या विषयातले तज्ज्ञ. त्या परदेशातलं धोरण तुम्हीच लिहिलंत ना? आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं." त्याला ते कौतुकानंच म्हणायचं होतं. साहेब खुर्चीतून उठले आणि छत्री तिथंच विसरून बाहेर पडले.

त्या दिवशी मी त्यांना घरी पोचवलं. काकूंनी मला थांबवून विचारलं, "आता काय म्हणतायत रे? मला काय बी सांगत न्हाईत." मी सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर मी सांगिटलं असतं. हजेरीला सही करा म्हणून. रेशनच्या रांगंत जलम गेला माझा. नाव न्हाय तर माणूस न्हाय, एवढं मला कळतंय की." आणि त्या दळण निवडत बसल्या.

खाण सुरू झाली. दर मंगळवारी साहेब एस्टीनं हिरडेवाडीला जाऊ लागले. कशाला, ते कुणालाच सांगत नसत. काकूंनी मला एकदा बरोबर जायला लावलं. "वय झालंय, कुठं पडले तर," म्हणाल्या.

आम्ही दुपारी पोचलो. रस्ता ओळखू येत नव्हता. झाडांची पानं, घरांची कौलं, वाळत घातलेली लुगडी, सगळ्यावर तांबडी धूळ होती. साहेब गावात गेले नाहीत. एस्टी थांबते तिथं एक कट्टा आहे, त्यावर बसले. बायका पाण्याच्या टँकरकडं जात होत्या, येत होत्या. साहेब प्रत्येकीला हात जोडत. धाकलूची सून डोक्यावर दोन घागरी घेऊन गेली. तिच्याही समोर जोडले. तिनं बघितलं आणि पुढं गेली. धाकलू स्वतः खाणीच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या कामाला लागला होता. मोठ्या मापाचा निळा शर्ट घातलेला. फाटक उघडायचा, ट्रक सोडायचा, फाटक लावायचा. पन्नास पावलांवर. त्यानं एकदाही इकडं मान वळवली नाही.

"दर मंगळवारी असंच?" मी विचारलं.

"व्हय."

"कोण बोलतं का?"

"न्हाय."

"मग कशाला येता, साहेब?"

"बोलायचं झालं कुणाला, तर मी इथं असाय पायजे," ते म्हणाले.

मला तेव्हा सांगावंसं वाटलं. नकाशाचं तर त्यांना कळलंच होतं. पण त्या दिवशी पायरीवर मी चहा पीत गप्प बसलो होतो, ते त्यांना माहीत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात एस्टी आली. धूळ उडवत वळली आणि कट्ट्यापुढं थांबली.

"तू हो पुढं," साहेब म्हणाले. "मी मागच्या गाडीनं येतो."

मी चढलो. मागच्या खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं घंटी मारली. काचेतून साहेब दिसत होते. एक भरलेला ट्रक फाटकातून बाहेर पडला आणि त्याच्या धुळीत ते आधी कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत दिसेनासे झाले. धूळ खाली बसली तेव्हा ते तसेच होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फाटकाकडं तोंड करून.

मागची गाडी नव्हती. तीच शेवटची, चारची. फलकावर ते ठळक लिहिलेलं होतं आणि साहेबांनीही ते वाचलेलं होतं. गाडी वळणावर येईपर्यंत घंटीची दोरी ओढायला वेळ होता. मी ओढली नाही.